आता तुम्ही काय करता?

घरात दीर्घकाळ आजारी असलेले माणूस असले की घराची भाषा हळूहळू बदलत जाते. ‘गोळी घ्या’, ‘पाय उचला’, ‘उठू नका, मी आणते’, ‘आता पडा थोडे’ अशी आज्ञार्थी वाक्ये वाढतात. ती प्रेमापोटी आलेली असतात आणि पुष्कळदा आवश्यकही असतात. पण त्यांच्या गर्दीत प्रश्न नाहीसे होतात. काय जेवायचे, कुठे बसायचे, कोणाला भेटायचे, हे सारे दुसऱ्या कोणीतरी ठरवून टाकलेले असते. माझ्या यजमानांना पक्षाघात झाला, तेव्हा त्यांचा उजवा हात दुबळा झाला आणि बोलणे सावकाश झाले. औषधे आणि व्यायाम यांनी बरीच सुधारणा झाली. मात्र बत्तीस वर्षे हायस्कूलमध्ये गणित शिकवलेल्या या माणसाला प्रत्येक गोष्टीत ‘तूच ठरव’ म्हणण्याची जी सवय जडली, ती औषधाने जाण्यासारखी नव्हती.

ती सवय थोडी सैल झाली ती एका खेळामुळे, म्हणून त्याविषयी लिहीत आहे.

पुण्याला शिकणारा आमचा नातू दिवाळीच्या सुटीत हा खेळ घेऊन आला. त्याला टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम म्हणतात. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. त्यांतला एक सूत्रधार होतो, बाकीचे एकेका पात्राची भूमिका घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो : रात्र झाली आहे, नदीला पाणी चढले आहे, पलीकडच्या काठावर दिवा दिसतो आहे. एवढे सांगून तो थांबतो आणि विचारतो, ‘आता तुम्ही काय करता?’ खेळणारा जे उत्तर देईल त्यावरून गोष्ट पुढे सरकते. ज्या कामाच्या यशाविषयी शंका असेल, तेवढ्यापुरता फासा टाकायचा. सापशिडीत सारे काही फासा ठरवतो, बुद्धिबळात फाशाला स्थानच नाही. सोंगट्यांच्या पटावर मात्र दान नशिबाचे आणि चाल खेळणाऱ्याची. हा नवा खेळ मला त्याच कुळातला वाटला. पट तेवढा कल्पनेतला. लळितात आणि दशावतारात सोंगे पाहत वाढलेल्या आमच्या पिढीला भूमिका घेण्याचे नावीन्य ते काय?

या प्रकारातला पहिला प्रसिद्ध झालेला खेळ ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ होय. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी रचलेला हा खेळ १९७४ साली अमेरिकेत निघाला. त्यानंतर असे असंख्य खेळ आले, आणि प्रत्येकाची नियमपद्धती निराळी. गेल्या वर्षभरात आम्ही त्यांतल्या काही पद्धती खेळून पाहिल्या. नियम बदलला की टेबलाजवळ बसलेल्या माणसाचे स्थानही बदलते. एका पद्धतीत जो गोंधळलेला दिसतो, तोच दुसरीत सर्वांना वाट दाखवतो. वृद्धांसाठी खेळ निवडताना ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये प्रत्येक पात्राला बळ, चपळता, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि व्यक्तिमत्त्वाची छाप असे सहा गुण असतात व प्रत्येक गुणाला एक आकडा असतो. काम करायचे झाले की वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात गुणानुसार मिळणारी भर मिळवायची आणि बेरीज ठरलेल्या आकड्याइतकी किंवा अधिक झाली तर काम फत्ते. सोप्या कामाला दहा, मध्यमाला पंधरा, कठीणाला वीस. ह्यांना हे गणित एका बैठकीत उमगले. फाशाची प्रत्येक बाजू म्हणजे पाच टक्के, हे त्यांनीच नातवाला सांगितले. अडचण गणिताची नव्हतीच. खेळाडूंसाठी असलेले पुस्तक तीनशेहून अधिक पानांचे, पात्राचा तक्ता बारीक अक्षरांनी भरलेला, लढाईच्या प्रसंगी एकेकाचा डाव यायला बराच वेळ लागे. एकाच वेळी अनेक आकडे मनात धरून ठेवताना ते थकून जात आणि तासाभरात त्यांची मान कलू लागे.

तरी याच खेळातील एक नियम मी घरात कायमचा ठेवून घेतला आहे. २०१४ साली निघालेल्या पाचव्या आवृत्तीत परिस्थिती अनुकूल असेल तर बेरजा-वजाबाक्या न करता एकाऐवजी दोन फासे टाकतात आणि त्यांतला मोठा आकडा धरतात. दुसऱ्या खेळाडूने मदत केली तरी हाच लाभ मिळतो. यात एक मर्म आहे. मदत करणारा ते काम आपल्या हाती घेत नाही. काम ज्याचे त्याचेच राहते, फासाही तोच टाकतो. मदतीमुळे त्याला फक्त आणखी एक फासा मिळतो. शुश्रूषा करणाऱ्याला याहून नेमकी शिकवण क्वचितच मिळेल. हल्ली सदऱ्याची बटणे ते स्वतः लावतात. मी काज सरळ धरते, एवढेच. वेळ दुप्पट लागतो, आणि तो मी लागू देते.

दुसरी पद्धत शेकड्याची. १९८१ साली निघालेल्या ‘कॉल ऑफ कथुलू’ या खेळात पात्राचे प्रत्येक कौशल्य टक्क्यांत मांडलेले असते. ‘जुनी कागदपत्रे वाचणे’ साठ असेल, तर एक ते शंभरांत साठ किंवा त्याहून कमी दान पडले की काम झाले. काम अवघड असेल तर साठाच्या निम्मे म्हणजे तीस, आणि अतिशय अवघड असेल तर पाचवा हिस्सा म्हणजे बारा. टक्के सर्वांना ठाऊक असतात, त्यामुळे समजावून सांगावे लागत नाही. मूळ खेळ मात्र भयकथांचा आहे. त्यात पात्राच्या मानसिक स्थैर्याचाही आकडा असतो आणि भीतीच्या प्रसंगी तो घसरत जातो. आजारपण असलेल्या घरी ती करमणूक नको, असे मी स्पष्ट सांगितले. नातवाने नियम तेवढे ठेवले आणि एका जुन्या वाड्यातील हरवलेल्या दस्तऐवजाची गोष्ट रचली.

या पद्धतीतील वाढीचा नियम ह्यांना फार आवडला. खेळात जे कौशल्य वापरून यश आले, त्यापुढे खूण करायची. शेवटी त्या कौशल्यासाठी पुन्हा फासे टाकायचे. या वेळी दान कौशल्याच्या आकड्याहून जास्त पडले, तर कौशल्य वाढते. म्हणजे ज्याचे कौशल्य वीसवर आहे त्याला वाढीची संधी शंभरांत ऐंशी, आणि जो नव्वदवर आहे त्याला अवघी दहाच्या आसपास. वापरले नाही तर वाढ नाही, आणि प्रारंभी जी वाढ भराभर होते ती पुढे संथ होत जाते. पहिल्या तीन महिन्यांत हाताची जी प्रगती झाली ती पुढे का मंदावली, म्हणून हे खिन्न असत. त्या संध्याकाळी फासे हातात घेऊन ते म्हणाले, ‘आता आपण साठाच्या पुढे आहोत.’ हे काही वैद्यकशास्त्र नव्हे, हे त्यांनाही ठाऊक होते. पण दुसऱ्या दिवशी व्यायामासाठी मला आठवण करावी लागली नाही.

तिसरी पद्धत आमच्या घरी सर्वांत रुजली. व्हिन्सेंट आणि मेग्वे बेकर यांच्या ‘अपॉकॅलिप्स वर्ल्ड’ या २०१० सालच्या खेळातून ती निघाली आणि पुढे ‘डन्जन वर्ल्ड’सारख्या अनेक खेळांनी ती उचलली. लुडोचे साधे दोन फासे पुरतात. बेरीज दहा किंवा अधिक झाली तर पूर्ण यश. सात ते नऊ म्हणजे काम होते, परंतु काहीतरी किंमत मोजावी लागते. सहा किंवा कमी म्हणजे संकट; मात्र ‘डन्जन वर्ल्ड’मध्ये अशा अपयशाबद्दल पात्राच्या खात्यात अनुभवाचा एक गुण जमा होतो. ह्यांनी डाव्या हाताने वहीत छत्तीस चौकटी आखल्या आणि हिशेब मांडला : भर काहीच नसेल तर छत्तीसांपैकी सहा वेळा पूर्ण यश, पंधरा वेळा ‘हो, पण’ आणि पंधरा वेळा संकट. एकाची भर मिळाली तर दहा, सोळा, दहा. ती वही नातू आपल्याबरोबर पुण्याला घेऊन गेला.

‘हो, पण’ हा या पद्धतीचा गाभा. वीस बाजूंच्या फाशाच्या खेळात काम बहुधा होते किंवा होत नाही. बऱ्या होत असलेल्या माणसाचे आयुष्य इतके सरळ नसते. चालता येते, पण काठी लागते. बोलता येते, पण शब्दाची वाट पाहावी लागते. एकदा खेळात ह्यांचे पात्र होते एका म्हाताऱ्या वाटाड्याचे आणि माझे होते धान्य घेऊन निघालेल्या बाईचे. नदी ओलांडताना माझा पाय घसरला. ह्यांनी दोर टाकला आणि फासे टाकले : आठ. सूत्रधार म्हणाला, ‘बाई वाचतील, पण दोर सांभाळताना एक गोष्ट हातची जाईल. कंदील की धान्याचे पोते? काय सोडता?’ बराच वेळ कोणी बोलले नाही. मीही ओठ मिटून बसले. शेवटी एकेक शब्द जुळवत ते म्हणाले, ‘पोते जाऊ दे. अंधारात ही पुन्हा पडेल.’ आजारपणानंतर त्यांनी माझी काळजी घेतल्याचा तो पहिला प्रसंग. तो कल्पनेतला होता, याने मला काही फरक पडला नाही. शुश्रूषा करणाऱ्यालाही कधीतरी कोणीतरी सावरावे लागते.

चौथा खेळ आम्ही दूर ठेवला. ‘ड्रेड’मध्ये फासे नसतात, लाकडी ठोकळ्यांच्या मनोऱ्यातून एकेक ठोकळा काढायचा, आणि मनोरा ज्याच्या हातून कोसळेल त्याचे पात्र गोष्टीतून बाद. तरुणांना त्यात थरार वाटतो. ज्याचा हात कापतो त्याच्यासाठी तो नियम प्रारंभीच निकाल लावून बसलेला असतो.

शेजारच्या दोघीजणी येऊ लागल्या, तेव्हा नातवाने ‘द क्वाएट इयर’ आणला. ॲव्हरी आल्डर यांचा हा खेळ २०१३ साली निघाला. यात सूत्रधारच नाही. एक कोरा कागद, त्यावर सर्वांनी मिळून काढलेला एका वस्तीचा नकाशा, आणि पत्त्यांचा जोड. बदामाची पाने वसंताची, चौकटची उन्हाळ्याची, किलवरची शरदाची, इस्पिकची हिवाळ्याची; एक पान म्हणजे एक आठवडा. चर्चा सुरू झाली तर प्रत्येकाने एकदाच आणि एकदोन वाक्यांतच बोलायचे. आमच्या एका शेजारणीला कमी ऐकू येते. एरवी गप्पांत ती नुसती हसून मान डोलावते. येथे तिच्या बोलण्याची वेळ ठरलेली आणि तेव्हा इतरांनी गप्प राहायचे, त्यामुळे ती मोकळेपणाने बोलू लागली. या खेळात आणखी एक नियम आहे. एखाद्या निर्णयात आपल्याला विचारले गेले नाही असे वाटले, तर नाराजीची एक खूण उचलून आपल्यापुढे ठेवायची. आम्ही त्यासाठी चिंचोके घेतो. भांडण नाही, खुलासा नाही. चिंचोका सर्वांना दिसत राहतो. कोणाच्या घरात असे किती चिंचोके न दिसता साठले असतील, हा विचार माझ्या मनात अनेकदा येतो.

ज्यांना प्रारंभ करायचा आहे त्यांच्यासाठी अनुभवाच्या चार गोष्टी. बैठक पाऊण तासाची ठेवावी, थकवा दिसताच थांबावे. गोष्ट उद्यावर टाकता येते. फासे मोठ्या ठिपक्यांचे घ्यावेत आणि ताटात जाड टॉवेल पसरून त्यावर टाकावेत, म्हणजे ते घरंगळत नाहीत आणि वेचायला वाकावे लागत नाही. पात्राची माहिती एका कागदावर ठळक अक्षरांत पाच-सहा ओळींतच लिहावी. उजेड चांगला असावा, टीव्ही बंद असावा, चष्मा आणि श्रवणयंत्र जवळ असावे. विस्मरणाचा त्रास असलेल्या व्यक्तीला ‘काय करता?’ असे मोघम न विचारता दोन पर्याय द्यावेत, आणि भीतीचे किंवा फसवणुकीचे प्रसंग टाळावेत. उत्तर यायला उशीर झाला तर वाक्य पुरे करून देण्याचा मोह आवरावा. आणि हा उपचार नव्हे, याचे भान ठेवावे; औषधे, व्यायाम, वाचोपचार यांची जागा कोणताही खेळ घेऊ शकत नाही.

मागच्या महिन्यात तपासणीसाठी गेलो होतो. डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे माझ्याकडे पाहून विचारले, ‘झोप कशी आहे त्यांची?’ मी उत्तर दिले नाही. ह्यांच्याकडे पाहत राहिले. थोडा वेळ गेला. डॉक्टरही थांबले. मग हे म्हणाले, ‘झोप बरी आहे. पण संध्याकाळची गोळी... एक तास लवकर घेतली तर चालेल का? रात्री आमचा खेळ असतो.’