मोड आलेलं भात आणि हबक्कूकची यादी



कापलेलं भात खाचरात आडवं पडलेलं आणि तीन दिवस पाऊस हटला नाही. कर्जत-३, हळवं भात. चूक माझीच, पेर लवकर केली म्हणून कापणी पावसात सापडली. रबाळ्याहून पहिली गाडी धरून ठाण्याला, तिथनं कर्जत लोकल. पोचलो तर खाचरात घोटाभर पाणी. पेंढ्या उचलून बांधावर घेतल्या, १० लिटर पाण्यात अर्धा किलो मीठ टाकून फवारलं. मिठाने मोड रोखले जातात, पण वेळेत मारलं तरच. ज्या पेंढ्या उशिरा निघाल्या त्यांना मोड आलेच. दीड एकरातलं निम्मं गेलं. शेत खंडाचं, खंड मात्र पुरता द्यायचा.

रात्री घरी येऊन कुणाशी बोललो नाही. शेजारच्या मावशी नगरकडच्या, ख्रिस्ती. त्या देव देव करून समजूत काढतील असं वाटलं. त्यांनी बायबल उघडून हबक्कूक नावाच्या संदेष्ट्याचं पुस्तक वाचलं. तीनच अध्याय. सुरुवातीलाच गडी देवाशी भांडतो, किती दिवस हाका मारू, ऐकत का नाहीस म्हणून. आणि शेवटाला यादी देतो: अंजीर नाही, द्राक्षं नाहीत, जैतून बुडालं, शेतात दाणा नाही, मेंढवाडा रिकामा, गोठा रिकामा. अगदी तलाठ्याचा पंचनामा! एवढं सगळं मोजून झाल्यावर म्हणतो, तरीपण मी देवाच्या ठायी आनंद करीन.

मला ते 'तरीपण' पटलं ते आधीच्या यादीमुळे. नुकसान झालंच नाही असं तो म्हणत नाही. आम्हाला मात्र लोक सांगतात, जाऊ दे, विसर.

मावशींनी आणखी एक सांगितलं. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. त्यांचे आईवडील आणि बहीण दुष्काळात गेले. पुढे नवरा गेला, १९२१ ला मुलगी मनोरमा गेली, आणि १९२२ च्या एप्रिलात त्या स्वतः. शेतात दाणा नाही हे वाक्य त्या बाईने मराठीत कसं उतरवलं असेल! आणि नुसतं लिहीत बसल्या नाहीत. केडगावला जमीन घेतली, विहिरी खोदल्या, दुष्काळातल्या पोरी आणून सांभाळल्या. शेतकऱ्याला ही भक्ती कळते.

मी माळकरी घरातला, धरम बदलायचा विषय नाही. पण दुसऱ्या दिवशी वहीत मीही यादी केली. किती पेंढ्या गेल्या, किती वाचल्या, मजुरी, खंड. आकडा वाईटच होता. बायकोने वही बघितली आणि म्हणाली, "यंदा शेतानेच मोड आणून दिले, उसळ करू का?" चार दिवसांनी घरात पहिल्यांदा हसलो. पोरंही हसली.

वाचलेलं भात झोडून झालं. पेंढा एका म्हशीवाल्याने उचलला, थोडे पैसे आले. खाचरात ओल आहे तोवर वाल टाकतोय. बियाणं कुणाकडे घरचं असेल तर सांगा.