तेरावी फेरी

संध्याकाळचा सराव संपतो, मुलं हातांवरची बँडेज सोडत बसतात आणि हटकून एक विषय निघतो. "सर, अली आणि टायसन समोरासमोर आले असते तर कोण जिंकलं असतं?" मी गेली सव्वीस वर्षं बॉक्सिंगचा पंच आहे, त्यामुळे माझा शब्द अखेरचा, असा मुलांचा समज. मी उलट विचारतो, "लढत किती फेऱ्यांची?" सर उत्तर टाळतायत, असं त्यांना वाटतं. मी टाळत नाही. निम्मं उत्तर त्या प्रश्नातच असतं.

आपल्याकडे जत्रेत कुस्तीची जोड लावणारा जाणता माणूस आधी दोघांना शेजारी उभं करतो. खांदे बघतो, मांड्या बघतो, वजनाचा अंदाज घेतो आणि मगच सलामी द्यायला लावतो. वेगवेगळ्या काळांतले दोन बॉक्सर असे शेजारी उभे करता येत नाहीत. म्हणून आपण आधी मैदान ठरवायचं. फेऱ्या किती? ग्लोव्हज किती औंसांचे? खाली पडलेल्याला सावरायला किती वेळ?

जॅक डेम्प्सीचं उदाहरण घ्या. ४ जुलै १९१९ रोजी टोलेडोत त्याने अजस्र जेस विलार्डला पहिल्याच फेरीत सात वेळा पाडलं. त्या काळी पाडणाऱ्याने दूर जायची सक्ती नव्हती. डेम्प्सी डोक्याशीच उभा राहायचा आणि विलार्ड उठू लागला की पुन्हा ठोसा मारायचा. पुढे नियम आला की, पाडणाऱ्याने तटस्थ कोपऱ्यात जायचं, तोवर मोजणी सुरू होणार नाही. २२ सप्टेंबर १९२७ रोजी शिकागोत डेम्प्सीने जीन टनीला पाडलं आणि जुन्या सवयीने तिथेच थांबला. मोजणी उशिरा सुरू झाली, टनी उठला आणि शेवटी गुणांवर जिंकला. त्यामुळे डेम्प्सीची जोड कुणाशीही लावा, नियम १९१९चा की १९२७चा, हे आधी सांगावं लागतं.

काल्पनिक लढतींच्या वेडाचा कळस गाठला गेला तो १९६९ साली. मरे वोरोनर या निर्मात्याने मुहम्मद अली आणि रॉकी मार्सियानो यांना मायामीत कॅमेऱ्यासमोर उभं केलं. सैन्यभरतीला नकार दिल्यामुळे अलीचा परवाना गेला होता. ४९ लढतींत ४९ विजय मिळवून निवृत्त झालेला मार्सियानो पंचेचाळिशीत होता. या भूमिकेसाठी त्याने वजन उतरवलं, डोक्यावर टोप चढवला. दोघे एकेक मिनिटाच्या सत्तरएक फेऱ्या लुटुपुटुचे लढले. शेवट अनेक चित्रित केले, निकाल संगणकावर सोपवला. २० जानेवारी १९७० रोजी तो चित्रपट एकाच रात्री शेकडो थिएटरांत दाखवला गेला. मार्सियानोने अलीला तेराव्या फेरीत नॉकआउट केलं. हे पाहायला मार्सियानो मात्र नव्हता. चित्रीकरण संपल्यावर काही आठवड्यांतच, ३१ ऑगस्ट १९६९ला, तो विमान अपघातात गेला होता.

त्या निकालातला 'तेरा' हा आकडा माझ्या मनात रुतून बसला आहे. मार्सियानो खरोखर जगज्जेता झाला तोही तेराव्या फेरीतच. २३ सप्टेंबर १९५२, फिलाडेल्फिया. समोर जर्सी जो वॉलकॉट. पहिल्याच फेरीत वॉलकॉटच्या डाव्या हुकने मार्सियानो आयुष्यात पहिल्यांदा खाली गेला. बारा फेऱ्या झाल्या तेव्हा तिन्ही गुणपत्रिकांवर वॉलकॉट पुढे होता. तेराव्या फेरीच्या सुरुवातीलाच वॉलकॉट दोरांपाशी सरकला आणि दोघांनीही एकदमच उजवा हात सोडला. मी ती चित्रफीत थांबवून थांबवून पाहिली आहे. मार्सियानोचा हात फार लांबून येत नाही, वीतभर अंतर कापतो आणि आधी पोचतो. वॉलकॉटचं तोंड फिरतं, तो गुडघ्यांवर येतो, डावा हात दोरीत अडकून राहतो आणि मग त्या हातावरून सगळं शरीर हळूहळू घसरत खाली येतं. आजच्या नियमाने ही लढत बाराव्या फेरीअखेर संपली असती, पट्टा वॉलकॉटकडेच राहिला असता आणि मार्सियानोचा अपराजित विक्रम त्या रात्रीच तुटला असता.

त्याच्या अकरा वर्षं आधी, १८ जून १९४१ला न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर बिली कॉन हा तेवीस वर्षांचा पोरगा जगज्जेत्या जो लुईसमोर उभा राहिला, तो वजनात अकरा किलोंनी कमी होता. माझी एक सवय आहे. जुनी लढत पाहताना आवाज बंद करायचा, कागदावर रकाने आखायचे आणि प्रत्येक फेरीनंतर गुण लिहून मगच पुढे जायचं. या लढतीच्या बाराव्या फेरीनंतर माझ्या कागदावर कॉन पुढे होता. प्रत्यक्षातही तिघांपैकी दोघांनी कॉनला पुढे ठेवलं होतं, तिसऱ्याकडे बरोबरी होती. कोपऱ्यातून सांगणं होतं की, लांब राहा, गुण सांभाळ. पण बाराव्या फेरीत लुई डगमगलेला कॉनने पाहिला होता. तेराव्या फेरीत तो नॉकआउट करायला पुढे सरसावला, लुईला हवं तेवढं जवळ आला आणि फेरी संपायला दोन सेकंद असताना त्याची मोजणी पुरी झाली. दमलेल्या बॉक्सरला तेरावी फेरी म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

ती फेरी आणि तिच्यापुढच्या दोन आज नाहीत, कारण त्या फेऱ्यांनी माणूस खाल्ला. १३ नोव्हेंबर १९८२ला लास व्हेगासमध्ये लाइटवेट गटात कोरियाचा किम डुक-कू रे मॅन्सिनीविरुद्ध चौदाव्या फेरीत कोसळला आणि काही दिवसांतच वारला. त्यानंतर जागतिक संघटनांनी एकामागोमाग एक करत जगज्जेतेपदाच्या लढती पंधरावरून बारा फेऱ्यांवर आणल्या. छत्तीस मिनिटं झुंज दिल्यावर उरलेल्या ताकदीची परीक्षा घेणाऱ्या त्या तीन फेऱ्या खेळातून गेल्या.

आता माझी आवडती जोड लावतो. १९४१च्या आधीचा, ऐन उमेदीतला जो लुई आणि १९६६ साली ह्यूस्टनमध्ये क्लीव्हलंड विल्यम्सला तीन फेऱ्यांत गारद करणारा अली. लुईचं बळ आखूड ठोशांत. त्याचा उजवा हात खांद्यापासून सरळ निघतो, वाटेत वाया काही जात नाही. पण पाय घसटत पुढे येणाऱ्या लुईला सतत फिरणारा माणूस जड जातो, हे कॉनने दाखवलं. अली कॉनपेक्षा उंच, वजनदार आणि पायांनी तितकाच हलका. त्याची खोड एकच. हात कमरेशी ठेवून तो ठोसा चुकवायला डोकं सरळ मागे नेतो. तिथे डावा हुक बसतो. १९६३ साली लंडनमध्ये हेन्री कूपरने तो बसवला. ८ मार्च १९७१ला जो फ्रेझियरने बसवला तो पंधराव्या फेरीत, पाय जड झाल्यावर.

म्हणून माझा निकाल असा. बारा फेऱ्यांची लढत असेल तर अली, गुणांवर, फारसा धोका न पत्करता. पंधरा फेऱ्यांची असेल तर तेराव्या-चौदाव्या फेरीत लुईचा डावा हुक त्याला गाठणार आणि अली खाली जाणार. तो उठेल, कारण फ्रेझियरसमोरही उठला होता. निसटत्या फरकाने तोच जिंकेल. पण तो निकाल लिहिताना माझं पेन अडखळेल.

यावरून अली सर्वांत थोर ठरतो का? तसं मी म्हणत नाही. फ्रेझियरने १९७१ साली अलीला हरवलं. जॉर्ज फोरमनने १९७३ साली किंग्स्टनमध्ये फ्रेझियरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडलं. त्या फोरमनला अलीने १९७४ साली किन्शासात आठव्या फेरीत नॉकआउट केलं. हे तिघं एकाच काळातले, तरी त्यांना एका ओळीत उभं करता येत नाही. आजचे धिप्पाड बॉक्सर जुन्यांना सहज चिरडतील, असंही मुलं म्हणतात. मे २०२४ मध्ये रियाधमध्ये ओलेक्झांडर उसिकने स्वतःपेक्षा सुमारे १७ किलोंनी जड टायसन फ्युरीला हरवलं, तेव्हा त्या म्हणण्याला आमच्या डोळ्यांदेखत उत्तर मिळालं.

या चर्चांमुळे मुलं बघायला शिकतात, म्हणून मी त्या थांबवत नाही. "अली भारी" म्हणणारा मुलगा चार दिवसांनी अलीचा उजवा हात नेमका कुठे असतो ते सांगू लागतो. महिन्याभराने स्वतःचा हात खाली आला की त्याचं त्यालाच कळतं.

१ ऑक्टोबर १९७५ला मनिलात अली-फ्रेझियर तिसऱ्यांदा भिडले. चौदावी फेरी संपली तेव्हा फ्रेझियरचे डोळे सुजून मिटत आले होते. त्याला पंधराव्या फेरीसाठी उठायचं होतं. त्याचे प्रशिक्षक एडी फच यांनी उठू दिलं नाही. शिकवणारा म्हणून मला बॉक्सिंगच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा निर्णय वाटतो. माझी मुलं तीन फेऱ्या लढतात आणि त्यांना चौथी मी कधीही मागणार नाही. लुई आणि अलीच्या कागदावर मात्र रकाने पंधरा आखतो. तिथे शेवटच्या तीन फेऱ्या लढल्या जातात आणि दोघंही धडधाकट घरी जातात.