तबकडीवरील शिदोरी

प्रवासास निघणाऱ्या मनुष्याची पारख त्याच्या गांठोड्यावरून करावी, असें आम्हांस फार दिवस वाटत आलें आहे. काय बरोबर घेतलें आणि काय घरीं ठेविलें, यांत त्याचा सारा स्वभाव उतरलेला असतो. गेल्या वर्षीं आमच्या मामांसाठीं संगणकाची एक तबकडी तयार करण्याचा योग आला, तेव्हां या मताचा पडताळा आम्हांस आमच्याच उदाहरणानें मिळाला.

मामा निवृत्त शिक्षक. वय ऐंशीच्या पलीकडे. त्यांच्या जुन्या संगणकाची हार्डडिस्क निकामी झाली होती. नवें यंत्र घेण्याची गोष्ट काढतांच ते म्हणाले, "अरे, घोडा थकला म्हणून टांगा मोडीत काढतात काय?" त्यांचें मागणें थोडें होतें: मराठींत लिहितां यावें आणि अक्षर मोठें दिसावें. जुन्या आठवणी लिहून ठेवण्याचें त्यांनीं मनावर घेतलें होतें. आणि स्मरणशक्ति अलीकडे दगा देऊं लागल्यामुळें त्यांस घाई होती.

हार्डडिस्कवांचून संगणक चालविण्याची युक्ति कांहीं आजची नव्हे. क्लाउस क्नॉपर या जर्मन अभियंत्यानें २००० सालीं ‘नॉपिक्स’ प्रसिद्ध केलें. सुमारें दोन जीबींचा ऐवज दाबून त्यानें तो ७०० एमबींच्या सीडींत बसविला होता. सीडी घालावी, काम करावें, ती काढून घ्यावी. यजमानाच्या घरांत पाहुण्याची खूणसुद्धां राहत नसे. नॉपिक्स ज्या डेबियनवर उभारलें, ती १९९३ सालीं सुरू झालेली प्रणाली कोणासही वाचतां, बदलतां आणि वांटतां येते. पाहुण्याचें पथ्य पाहून ताट वाढण्याचें स्वातंत्र्य आम्हांसारख्या हौशी मनुष्यास मिळतें, तें यामुळेंच.

या कामीं डेबियनचें ‘लाइव्ह-बिल्ड’ नांवाचें साधन फार उपयोगी पडतें. एका फाइलींत हव्या त्या पॅकेजांचीं नांवें लिहावीं, एका फोल्डरांत आपल्या खास सोयी ठेवाव्या. मग तें साधन मूळ प्रणाली इंटरनेटवरून आणतें, तींत यादींतील सामान मांडतें, सारें ‘स्क्वॉशएफएस’ पद्धतीनें दाबून बांधतें आणि तबकडीवर उतरविण्याजोगी एकच आयएसओ फाइल हातीं देतें. खरें कठीण काम यादीचें. आमची पहिली यादी वाचून आम्हांसच लाज वाटली. तीन ब्राउझर, चित्रें सुधारण्याचें साधन, बुद्धिबळ, ४.७ जीबींची डीव्हीडी भरून काढण्याचा जणूं आम्हीं विडा उचलला होता! गरज मामांची, आणि हौस मात्र आमची. एकेक नांव खोडतां खोडतां अखेर उरलें तें इतकेंच: लिहिण्यासाठीं लिबरऑफिस, देवनागरीसाठीं लोहित फॉन्ट, इन्स्क्रिप्ट कळफलक आणि मोठ्या अक्षरांची सोय.

तबकडी चालली. मामांनीं दिवसभर बसून चार पानें लिहिलीं, फाइल जतन केली व यंत्र बंद केलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांचा फोन आला, "अरे, माझीं पानें कोठें गेलीं?"

तीं कोठेंच नव्हतीं. अशा तबकडीच्या मजकुरावर कांहीं लिहितां येत नाहीं. म्हणून प्रणाली त्यावर रॅममध्यें जणूं एक पारदर्शक कागद अंथरते, आणि आपलें लिहिणें त्या कागदावर उमटतें. यंत्र बंद होतांच कागद नाहींसा होतो, खालची पोथी जशीच्या तशी. यावर उपाय आहे, आणि तो आम्हीं केलाही होता: ‘पर्सिस्टन्स’ या नांवाचा भाग असलेला पेनड्राइव्ह मामांच्या यंत्रास लावून ठेविला होता. परंतु हाच शब्द यंत्र सुरू करण्याच्या ओळींतही लिहावा लागतो; तो नसेल तर प्रणाली पेनड्राइव्हाकडे त्या कामासाठीं पाहतच नाहीं. तो शब्द आम्ही विसरलों. स्मरण टिकविण्यासाठीं धडपडणाऱ्या मनुष्याच्या हातीं आम्हीं सर्व कांहीं विसरणारें यंत्र दिलें होतें.

दुसरी तबकडी करण्यास एक संध्याकाळ पुरली. मामा रागावले नाहींत. पुनः लिहावयास बसले. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, मुठेचें पाणी पुण्यांत शिरलें, त्या दिवशीं नारायण पेठेंतील बिऱ्हाड सोडून निघतांना त्यांच्या आईनें घरांतील एकच वस्तु उचलून घेतली होती. ती कोणती, हें हरवलेल्या पानांत लिहिलेलें होतें. आतां मात्र ती कांहीं केल्या आठवेना. "देवांची पेटी असावी," ते म्हणाले, मग थोड्या वेळानें, "कीं तांब्या?" खोटें लिहिणें त्यांच्या स्वभावांत नाहीं. त्यांनीं ती जागा कोरी सोडली.

दुसरी तबकडी आज बिनतक्रार चालते. तिच्यावर मामांचीं साठ पानें लिहून झालीं आहेत. त्यांतील ती कोरी जागा दिसली कीं आम्हांस आमचें गांठोडें आठवतें. तीन ब्राउझर घेण्याचें ज्यांस सुचलें होतें, त्यांनीं एक शब्द घरीं ठेविला होता.