म्हाताऱ्या विमानाचे गुडघे

जुनं विमान आधी कुठून थकतं? पंखातून? इंजिनातून? व्हायवाला हा प्रश्न कुणी विचारणार नाही, पण माझं उत्तर तयार आहे. आपल्या आजी-आजोबांसारखंच, गुडघ्यातून!

हे गुडघे म्हणजे इंजिन माउंटचे रबरी बुश. इंजिन सांगाड्याला थेट बोल्टने आवळलं तर त्याची थरथर सगळीकडे पोचते आणि कधी ना कधी नळ्यांना चिरा जातात. म्हणून मधे रबर घालतात. रबर फार मऊ असेल तर इंजिन खाली बसतं आणि पंख्याचा रोख बदलतो. फार कडक असेल तर ते असून नसल्यासारखंच. गंमत अशी की, लोखंड वापरून झिजतं, रबर मात्र नुसतं उभं राहूनही म्हातारं होतं. ऊन, ऑइल आणि हवेतला ओझोन त्याला सोडत नाहीत. वीस वर्षं हँगरमध्ये झाकून ठेवलेल्या विमानाचं इंजिन एखाद वेळी सुरू होईलही, पण बुश बदलल्याशिवाय गत्यंतर नाही.

आता तुम्ही म्हणाल, कल्याण-डोंबिवलीच्या पोराला विमानाचं काय पडलंय? तसा आमच्या भागाचा विमानांशी संबंध जुना आहे. कल्याणजवळ नेवाळीला दुसऱ्या महायुद्धात धावपट्टी झाली होती. २०१७ मध्ये तिथल्या जमिनीवरून शेतकऱ्यांचं आंदोलन पेटलं, तेव्हा पुष्कळांना ती धावपट्टी पहिल्यांदा कळली. पण माझा संबंध आला तो रबरामुळे. डोंबिवली एमआयडीसीत बाबांचा छोटा गाळा आहे. दोन प्रेस, एक मिक्सिंग मिल आणि तीन कामगार. मिक्सरचे पाय, पंपाचे वॉशर, स्कूटरचे बुश... तुमच्या घरात यातलं काहीतरी असणारच.

एका शनिवारी ठाण्याहून एक काका गाळ्यावर आले. रिटायर्ड माणूस. १५ ऑक्टोबर १९८२ ला, १९३२ च्या पहिल्या टपाल-उड्डाणाची आठवण म्हणून, जेआरडी टाटा वयाच्या ७८ व्या वर्षी जुनं लेपर्ड मॉथ घेऊन कराचीहून मुंबईला आले. ते जुहूला उतरताना काकांनी पाहिलं आणि तेव्हापासून त्यांना जुन्या विमानांचं वेड लागलं. आता ते चार मित्रांबरोबर एक ‘पुष्पक’ दुरुस्त करत होते. पुष्पक म्हणजे हिंदुस्तान एअरक्राफ्टचं दोन सीटचं विमान. १९५८ साली पहिल्यांदा उडालं आणि पुढे देशभरच्या फ्लाइंग क्लबांत शेकडो पोरं त्यावर शिकली. इंजिन कॉन्टिनेंटलचं, ९० हॉर्सपॉवरचं.

काकांनी रुमालातून एक बुश काढून टेबलावर ठेवला. काळा, चपटा, कडेला बारीक भेगा.

“असे आठ हवेत. शेप सोपा आहे, तुमच्यासाठी काहीच नाही.”

बाबांनी व्हर्नियर लावला, मग ड्युरोमीटर टेकवला. शोर ए ८५.

“ड्रॉइंग आहे का?”

“ड्रॉइंग कशाला? नमुना आहे की.”

“अहो, नमुना लोखंडाचा असता तर आत्ता कामाला लावला असता. म्हातारं रबर खरं बोलत नाही. आज ८५ दाखवतंय. नवीन असताना ५५ होतं की ६५, कोण सांगणार? उंचीसुद्धा दबून कमी झालेली. कंपाउंड कुठलं, तेही ठाऊक नाही. विमान शोभेला ठेवणार की उडवणार?”

“उडवणार! त्यासाठीच तर खटाटोप.”

“मग माझ्याच्याने होणार नाही.”

काकांनी खूप समजावलं. मोल्डचा खर्च वेगळा देतो म्हणाले. त्या महिन्यात आमचा एक प्रेस बंदच होता आणि माझ्या सेमिस्टरची फी भरायची होती, हे बाबांना माहीत होतं आणि मलाही. तरी बाबा हलले नाहीत. “मिक्सरचा पाय फाटला तर गिऱ्हाईक शिव्या देऊन जाईल. हा फाटला तर शिव्या द्यायला तरी कोण उरेल?” एवढं बोलून त्यांनी चहा मागवला.

संध्याकाळी मी विचारलं, “बाबा, तुम्हाला जमलं नसतं का?” ते म्हणाले, “बनवणं जमलं असतं रे. पण बरोबर बनलंय हे सिद्ध करता आलं नसतं.”

सहा महिन्यांनी काका पुन्हा आले, हातात पाकीट घेऊन. त्यांचं नशीब चांगलं. त्याच कुळातली इंजिनं अमेरिकेत पायपर कबसारख्या छोट्या विमानांत अजून चालतात, म्हणून बुश तिकडे मिळाले, रिलीज सर्टिफिकेटसकट. पैसे भरपूर गेले. बाबांनी बुशांकडे नंतर पाहिलं, आधी लेबल वाचलं. पार्ट नंबर, बॅच, तारीख. “हे बघ,” ते मला म्हणाले, “पैसे याचे आहेत.”

पण प्रत्येक विमानाच्या नशिबी अशी अमेरिका नसते. १९५१ साली उडालेलं एचटी-२ आपल्या कोल्हापूरकडच्या डॉ. वि. मा. घाटगे यांच्या नेतृत्वाखाली बनलं, पण त्याचं सिरस मेजर इंजिन आज फारसं कुठे चालताना दिसत नाही. अशा इंजिनाचा बुश उद्या कुणी शोधायला निघाला, तर ज्या कागदावर त्याची हार्डनेस लिहिली होती तो कागदच त्याला आधी शोधावा लागेल. प्रेस आणि हात तर डोंबिवलीतही आहेत.

बाबांनी आता एक वही घातली आहे. मिक्सरच्या पायांचीसुद्धा बॅच, कंपाउंड आणि तारीख तिच्यात लिहितात. कामगार हसतात. गिऱ्हाइकं तर विचारतात, “शेठ, मिक्सर उडवणार आहात का?”

आपल्या ड्रॉइंग शीटवर मटेरियलचा एक रकाना असतो. त्यात पुष्कळदा नुसतं ‘रबर’ असं लिहिलेलं असतं आणि सबमिशनला ते चालूनही जातं. पुढच्या वेळी तिथे कुठलं रबर आणि किती शोर, हे लिहाच. साठ वर्षांनी कुणीतरी रुमालात एक म्हातारा बुश बांधून तुमच्या ड्रॉइंगच्या शोधात निघालेला असेल!