पनवेल ते नेरूळ : निवडीचा एक हिशेब

कोंकणांत असून घाटाकडे तोंड करून बसलेलें असें पनवेल हें गांव आहे. एका अंगास खाडी, दुसऱ्या अंगास बोरघाटाची वाट आणि दक्षिणेस कर्नाळ्याचा उभ्या अंगठ्यासारखा सुळका, अशा तिहींच्या मध्यें त्याची वस्ती वाढली. पूर्वीं या बंदरांत माल उतरे व बैलगाड्यांवर चढून घाटावर जाई. नगरपालिका येथें १८५२ सालींच आली. ही गोष्ट सांगितली म्हणजे पुण्यामुंबईचे पाहुणे भुंवया वर करतात. कृष्णशास्त्री पुराणिकांनीं १८७२ सालीं येथें धूतपापेश्वर औषधशाळा काढली, आणि आसवें-अरिष्टें म्हटलीं कीं पनवेल, हें समीकरण कित्येक घरांतून रूढ झालें. २०१६ सालीं नगरपालिकेची महानगरपालिका झाली; ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं जवळच्या नव्या विमानतळाचेंही उद्घाटन झालें. बैलगाडीपासून विमानापर्यंतचा हा पल्ला गांवानें आपली तळीं व देवळें संभाळून गांठला, याचें आम्हांस कौतुक वाटतें.

परंतु अलीकडे या गांवांत आमचें लक्ष वेधून घेणारी गोष्ट निराळीच आहे. रविवारीं पहांटे वडाळे तळ्यावर फेरी मारून आम्ही स्टेशनाकडे वळलों, म्हणजे फलाटावर दहा-बारा वर्षांचीं मुलें रांगेनें उभीं दिसतात. पाठीवर त्यांच्या उंचीएवढी पिशवी, तींत बॅट, पायांचीं पॅडें, शिरस्त्राण. शेजारीं डबा घेतलेले आई किंवा वडील. हीं सारीं क्रिकेटच्या शिकवणीस निघालेलीं असतात. आमच्या काळीं मुलगा मैदानावर सांपडला तर त्याचा कान धरून घरीं आणीत. आतां वडीलच त्याला हात धरून मैदानावर नेतात. काळाचा महिमा!

गेल्या हिवाळ्यांत एके दिवशीं आम्हींही तीच गाडी धरली. नेरूळचें तें विख्यात क्रीडांगण एकदां डोळ्यांनीं पाहावें, असें कित्येक दिवस मनांत होतें. खांदेश्वर, मानसरोवर, खारघर, बेलापूर, सीवूड्स अशीं स्थानकें भराभर मागें पडतात. डावीउजवीकडे उंच इमारती, मधूनच उरलेलें एखादें भाताचें खाचर किंवा पाणथळ आणि पलीकडे खारघरची टेकडी. समोरच्या बाकावर एक गृहस्थ आपल्या बारा वर्षांच्या मुलास घेऊन बसले होते. कोठें तरी निवडचांचणी होती. बोलतां बोलतां ते म्हणाले, "काका, यंदां याचें नांव यादींत आलें तर ठीक. नाहीं तर बॅट माळ्यावर टाकायची आणि क्लास लावायचा. एकदां काय तो निकाल लागूं दे." मुलगा खिडकीबाहेर पाहत होता. निकाल एकदांच लागतो, ही त्या गृहस्थांची कल्पना आमच्या मनांत मात्र नेरूळ येईपर्यंत घोळत राहिली.

डॉ. डी. वाय. पाटील क्रीडांगण शीव-पनवेल हमरस्त्याच्या कडेसच आहे. त्या दिवशीं सामना नव्हता. विस्तीर्ण कमानदार छप्पर आणि दिव्यांचे मनोरे बाहेरूनच पाहिले. हजारों माणसें येथें बसतात. मार्च २००८ मध्यें हें क्रीडांगण उघडलें, आणि त्याच वर्षीं १ जून रोजीं आय. पी. एल. या स्पर्धेचा पहिला अंतिम सामना येथेंच झाला. राजस्थाननें चेन्नईस तीन गडी राखून हरविलें. त्या वर्षीं, त्याच मार्च महिन्यांत, एक लहानशी निवड झाली होती. त्या गृहस्थांस सांगावयास हवी होती ती गोष्ट हीच.

२ मार्च २००८ रोजीं मलेशियांत क्वालालंपूर येथें भारताच्या एकोणीस वर्षांखालील मुलांनीं दक्षिण आफ्रिकेस हरवून विश्वचषक जिंकला. या मुलांचा मोठ्यांसारखा लिलाव करूं नये, आठ संघांनीं पाळीपाळीनें त्यांतून मुलें उचलावींत, असें ठरलें. अमेरिकेंत बेसबॉलच्या खेळांत नवशिक्यांची वांटणी अशीच होते. विजयी संघाचा कप्तान विराट कोहली हा दिल्लीचा, आणि दिल्लीच्या संघास त्याला उचलण्याची संधी आधीं मिळाली होती. त्यांनीं प्रदीप संगवान हा डावखुरा जलद गोलंदाज घेतला. कोहली बंगळूरकडे गेला. त्याच्याबरोबर बंगळूरनें श्रीवत्स गोस्वामी हा यष्टिरक्षकही घेतला.

आजचा कोणीही पोर दिल्लीकरांस हंसेल. परंतु न्यायाधीशानें आरोपीच्या जागीं उभें राहून पाहावें, हा आमचा वर्गांतला जुना शिरस्ता आहे. दिल्लीजवळ त्या वेळीं सेहवाग, गंभीर, शिखर धवन, दिलशान, डिव्हिलियर्स असे फलंदाज होते. भरल्या कोठारांत आणखी तांदूळ कशाला, मीठ आणावें, असा व्यवहारी विचार त्यांनीं केला. आणि वर्षअखेरीस निकाल काय लागला? दिल्ली उपांत्य फेरींत पोंचली. बंगळूर आठांत सातवें आलें. कोहलीनें तेरा सामन्यांत १६५ धांवा केल्या, सरासरी पंधरा. त्या हंगामाचा सर्वोत्तम कुमार खेळाडू ठरला तो गोस्वामी! म्हणजे २००८ च्या जूनमध्यें कोणी गुणपत्रिका भरली असती, तर दिल्लीस उत्तम, गोस्वामीस उत्तम आणि कोहलीस 'प्रयत्न करावा' असाच शेरा मिळाला असता.

आठ वर्षांनीं, २०१६ सालीं, त्याच कोहलीनें एका हंगामांत ९७३ धांवा काढल्या. तरीही विजेतेपद बंगळूरला मिळालें नाहीं. तें मिळालें ३ जून २०२५ रोजीं, निवडीनंतर अठराव्या हंगामांत. कोहली सारा काळ त्याच संघांत होता. मग या निवडीचा खरा निकाल कोणत्या वर्षीं लागला म्हणावें? पहिल्या वर्षीं, नवव्या कीं अठराव्या?

येथें दुसरी एक बाब ध्यानांत घेतली पाहिजे. रत्न ओळखणें ही एक विद्या, तें हातीं राखणें ही दुसरी. त्याच वांटणींत मुंबईनें मनीष पांडे व सौरभ तिवारी यांना घेतलें. पांडे याला मुंबईंत फारशी संधी मिळाली नाहीं. तो बंगळूरला गेला आणि पुढच्याच वर्षीं, २००९ सालीं, या स्पर्धेंतलें भारतीय खेळाडूचें पहिलें शतक त्यानें ठोकलें. सूर्यकुमार यादव हा तर मुंबईचाच; २०१२ सालीं मुंबईनें त्याला एक सामना खेळविला, पुढें सोडून दिलें, आणि २०१८ सालीं ३ कोटी २० लाख रुपये मोजून परत आणलें. राजस्थाननें २००८ सालीं रवींद्र जडेजा निवडला, तो त्या पहिल्या विजयांत होताही; पण २०२३ च्या अंतिम सामन्यांत शेवटच्या दोन चेंडूंवर षटकार आणि चौकार मारून त्यानें विजेतेपद दिलें तें चेन्नईस. पेरलें एकानें, कापलें दुसऱ्यानें. तथापि मुंबईची वही सारीच तांबड्या शाईनें भरलेली नाहीं. २०१३ सालीं गुजरातेंतला जसप्रीत बुमराह हा अपरिचित मुलगा तिनें मैदानांत उतरविला, आणि २०१५ सालीं हार्दिक पंड्या केवळ दहा लाखांस घेतला. वही पानोपान वाचावी, एकच पान फाडून दाखवूं नये.

अमेरिकेंतल्या बेसबॉलवाल्यांनीं ही वही १९६५ पासून ठेवली आहे. आदल्या हंगामांतल्या अगदीं दुबळ्या संघास पहिली निवड, अशी तेथली मूळ रीत. १९६६ सालीं न्यूयॉर्कच्या मेट्स संघानें पहिल्या पाळीस स्टीव्ह चिलकॉट हा मुलगा घेतला. खांदा दुखावल्यामुळें तो वरच्या श्रेणींत एकही सामना खेळूं शकला नाहीं. त्याच्यामागून उचलला गेलेला रेजी जॅक्सन पुढें ५६३ होमरन मारून अमर झाला. उलट १९८८ सालीं माइक पियाझा हा तब्बल बासष्टाव्या फेरींत, १३९० व्या क्रमांकावर घेतला गेला, आणि २०१६ सालीं त्याचा त्या खेळाच्या कीर्तिमंदिरांत प्रवेश झाला. चिलकॉटच्या खांद्याचें दुखणें निवड करणारास कसें दिसावें? म्हणून तेथले जाणते लोक एका वर्षाचा किंवा एका मुलाचा हिशेब करीत नाहींत. अनेक वर्षांच्या निवडी एकत्र घेऊन, त्या त्या क्रमांकावर सामान्यतः काय मिळतें याच्याशीं ताडून, मग संघाची पारख करतात.

आमच्या शास्त्रकारांनीं स्थालीपुलाकन्याय सांगितला आहे: शितावरून भाताची परीक्षा. भाताच्या बाबतींत तो खराच, कारण सगळीं शितें एकाच चुलीवर, एकाच पाण्यांत शिजतात. मुलें तशीं शिजत नाहींत. एकाची आंच बाराव्या वर्षीं लागते, दुसऱ्याची बाविसाव्या. मुलांस जवळचा दृष्टांत भाताचा नव्हे, आमच्या पनवेलच्या अरिष्टाचा. काढा भांड्यांत भरून, तोंड बंद करून महिना महिना ठेवतात. त्याला संधान म्हणतात. रोज झांकण उघडून चव पाहणाराच्या हातीं औषध लागत नाहीं, आंबूस पाणी लागतें.

नेरूळच्या याच मैदानावर २ नोव्हेंबर २०२५ रोजीं भारताच्या मुलींनीं दक्षिण आफ्रिकेस ५२ धांवांनीं हरवून विश्वचषक जिंकला. त्या सामन्याची मानकरी शफाली वर्मा. तिनें ८७ धांवा केल्या व दोन बळी घेतले. स्पर्धेसाठीं प्रथम जी यादी लागली, तींत या मुलीचें नांवच नव्हतें! प्रतिका रावल जायबंदी झाली म्हणून उपांत्य सामन्यापूर्वीं तिला बोलावणें आलें. यादींत नसलेल्या त्या दिवसांत तिनें बॅट माळ्यावर टाकली असती, तर बोलावणें येऊन काय उपयोग झाला असता?

परंतु सर्वांच्याच वांट्यास असें बोलावणें येत नाहीं, हेंही स्पष्ट सांगितलें पाहिजे. २००८ च्या त्या विश्वविजेत्या मुलांपैकीं कसोटी सामने खेळण्याचा मान कोहली व जडेजा या दोघांसच मिळाला. त्या स्पर्धेंत सर्वांत अधिक धांवा काढणारा होता तन्मय श्रीवास्तव. अंतिम सामन्याचा मानकरी होता अजितेश अर्गल. दोघांचीही भारताच्या मोठ्या संघांत वर्णी लागली नाहीं. संघाच्या वहींत अशा नांवांपुढें 'बुडीत' असें लिहितात. पण तन्मय श्रीवास्तव पुढें पंच झाला, आणि ज्या स्पर्धेंत तो एकदां खेळला होता, त्याच स्पर्धेंत २०२५ सालीं पंच म्हणून उभा राहिला. ज्याच्या शब्दावर मोठमोठे फलंदाज मुकाट्यानें तंबूची वाट धरतात, त्याला बुडीत कसें म्हणावें?

म्हणून पनवेलच्या, आणि जेथें जेथें हें मासिक वाचलें जातें त्या गांवच्या, आईबापांस आमचें सांगणें इतकेंच आहे. संघ आणि घर यांच्या वह्या वेगळ्या असतात. संघाला मूल सोडून देतां येतें, दुसऱ्याला देतां येतें, पैसे मोजून परत आणतां येतें. त्याचा हिशेब धांवांचा व बळींचा, आणि तोही आठ-दहा वर्षें थांबल्यावांचून नीट लागत नाहीं. घराला मूल सोडून देतां येत नाहीं. जेथें जाणते पारखीही पहिल्या वर्षीं फसतात, तेथें एका चांचणीच्या यादीवरून आपण बारा वर्षांच्या मुलाचें आयुष्य मोजावें, हें शहाणपणाचें नव्हे. मुलाला खेळूं द्यावें. अभ्यास सोडूं देऊं नये. आणि यादींत नांव नसलें तरी त्या संध्याकाळीं त्याच्या पानांत नेहमींइतकाच गरम भात वाढावा. आजोबा-आजी, काका-काकू ज्या घरांत आहेत, तेथें तर हें काम अधिकच सोपें. एकाचा धीर सुटला तर दुसऱ्यानें धरावा. पहांटेच्या गाडीला उभ्या असलेल्या त्या मुलांपैकीं कोण पुढें फलंदाज होईल, कोण पंच, कोण वैद्य आणि कोण आमच्यासारखा मास्तर, हें आज त्या फलाटावरच्या कोणासही सांगतां यावयाचें नाहीं.