सारथ्याची झोप

युरोपला जाऊन आलो म्हटल्यावर भेटायला येणारी प्रत्येक बाई विचारते, "व्हेनिसला होडीत बसलात का? बर्फ पाहिला का?" होडीत बसलो, डोंगरमाथ्यावरचा बर्फही पाहिला. पण डोळे मिटले की मला आठवते ती आमच्या ड्रायव्हरदादांची पाठमोरी मान. चार दिवस आणि चार देश, मी त्यांच्याच मागे बसले होते ना!

म्युनिकला असणाऱ्या पुतण्याने हा बेत आखला होता. "काकू, मोठ्या बसच्या घोळक्यात तुमची धावपळ होईल. चालकासकट गाडीच ठरवून देतो," म्हणाला. आम्ही चौघे. हे, मी, भाऊजी आणि जाऊबाई. गाडी ऐसपैस, चालक धरून नऊजणांची. म्युनिकहून इन्सब्रुक, ब्रेनरची खिंड, वेरोना, व्हेनिस, मग मिलानवरून स्वित्झर्लंडमधले लुसर्न आणि परत म्युनिक, असा रस्ता. ड्रायव्हरदादा मूळचे पोलंडचे, पन्नाशीचे. त्यांचे इंग्रजी आमच्याइतकेच मोडके, म्हणून आमचे छान जमले.

आपल्याला वाटते, गाडी चालवायची म्हणजे चाक धरायचे. पण तिथे दर देशाची तऱ्हा निराळी. जर्मनीत मोटारीला टोल नाही आणि बऱ्याच ठिकाणी महामार्गावर वेगाला कमाल मर्यादाही नाही. ऑस्ट्रियात शिरण्याआधी ठरावीक दिवसांचा पास घ्यायचा, वर ब्रेनरच्या रस्त्याचे वेगळे पैसे. इटलीत शिरताना चिठ्ठी घ्यायची नि उतरताना भरायचे. स्वित्झर्लंडला ४० फ्रँकचा वर्षाचा पास, मग तुम्ही दोन तास का जाईनात! दादांची ही सगळी कागदपत्रे एका पाकिटात इतकी नीट लावलेली, की माझ्या वाणसामानाच्या वहीची मला लाज वाटली.

म्युनिकच्या बाहेरच रस्ता तुंबला होता. बघते तो काय, डाव्या रांगेतल्या गाड्या आपणहून डावीकडे सरकलेल्या, बाकीच्या उजवीकडे आणि मधे मोकळी वाट! रुग्णवाहिकेसाठी अशी वाट ठेवायचा तिथे कायदाच आहे. कोणी हॉर्न वाजवला नाही, कोणी त्या वाटेत घुसले नाही. हे म्हणाले, "आपल्याकडे त्या वाटेत आधी रिक्षा घुसली असती." इन्सब्रुकच्या पुढे दरीवरचा युरोपा पूल लागला. १९६३ साली खुला झालेला, तळापासून सुमारे १९० मीटर उंच. जाऊबाईंनी डोळे घट्ट मिटून घेतले होते.

तिसरा दिवस मात्र मोठा होता. व्हेनिसजवळच्या मेस्त्रेहून थेट लुसर्न, पाचशे किलोमीटरच्या वर. सकाळी दादांचे डोळे लाल दिसले. मिलान मागे पडले, सीमा ओलांडली, डोंगर चढू लागलो. ह्यांचा नि भाऊजींचा एकच घोष, "पाचच्या आत पोचलो तर तळ्यातली बोट मिळेल." मी आरशात पाहात होते. दादांची मान किंचित कलायची, लगेच ताठ व्हायची. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा.

पुढे होता गोट्टहार्डचा बोगदा. १९८० साली खुला झालेला, जवळजवळ १७ किलोमीटर लांब. दोन्ही दिशांची वाहने एकाच नळीतून जातात, मधे भिंत नाही. २००१ साली त्यात दोन ट्रक समोरासमोर आदळून आग लागली आणि अकरा माणसे गेली. हे सारे ह्यांनीच आदल्या रात्री पुस्तकात वाचून दाखवले होते.

मी म्हटले, "दादा, थांबा. आत्ताच थांबा."

"अगं, बोट!" हे म्हणाले.

"बोट उद्याही असेल," मी म्हटले. इतक्या मोठ्याने मी ह्यांच्याशी कधी बोलले नव्हते.

विसाव्याच्या जागी गाडी उभी राहिली. चहा पुढे केला तेव्हा दादा खाली मान घालून बोलले. रात्री आम्हाला हॉटेलवर सोडल्यावर कंपनीने त्यांना दुसऱ्या पाहुण्यांना मिलानच्या विमानतळावर पोचवायला सांगितले होते. पहाटे तीनला ते परतले. नाही म्हटले तर पुढचे काम मिळत नाही.

बसचालकाला युरोपीय संघाचा नियम आहे. साडेचार तास चालवल्यावर पाऊण तास विसावा, दिवसाला साधारण नऊ तासच चालवायचे, आणि हे मोजणारे यंत्र गाडीतच. पण तो नियम चालक धरून नऊपेक्षा जास्त माणसांच्या वाहनांना. दादा कसनुसे हसून म्हणाले, "एक सीट जास्त असती, तर मी काल झोपलो असतो."

ते मागच्या सीटवर आडवे झाले. दीड तास आम्ही चौघे बाहेर बाकावर दशम्या नि चटणी खात बसलो. बोट चुकली. हे संध्याकाळपर्यंत घुश्श्यात होते. रात्री मात्र म्हणाले, "बरे केलेस."

मैत्रिणींनो, अशी गाडी ठरवाल तेव्हा खोलीचा पलंग नि नाश्ता जसे विचारता, तसेच हेही विचारा. रोज किती तास चालवायचे? मुक्कामाला चालक कुठे झोपणार? आम्हाला सोडल्यावर त्याला दुसरे काम देणार नाही ना? कंपनीकडून लिहून घ्या. लाजू नका.

आणि खरे सांगू? हे सारे परदेशातच सुचले याची मला बोच लागून राहिली आहे. पुतणीच्या लग्नाला आम्ही सांगलीहून नागपूरला रातोरात जीपने गेलो होतो. मांडवात आम्ही पंगतीला बसलो, तेव्हा आमचा चालक कुठे होता, जेवला का, हे मला आजही आठवत नाही. आठवत नाही म्हणजे, मी विचारलेच नव्हते.

गेल्या महिन्यात पंढरपूरला गाडी केली. निघण्याआधी त्या मुलाला विचारले, "रात्री झोप झाली का रे?" तो आधी गोंधळला. मग म्हणाला, "काकू, पहाटे पुण्याहून आलोय."

आम्ही दुसऱ्या दिवशी निघालो.