प्रश्न ठरलेले, उत्तरं रेडी!

पुण्यात ‘मी टेंभुर्णीचा’ म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, ‘सोलापूर हायवेवरचं?’ मग माझं ठरलेलं उत्तर, ‘नाही हो, जालन्याचं. जाफ्राबाद तालुका.’ प्रश्न ठरलेला, उत्तर रेडी! सर्व्हर सांभाळणाऱ्या आम्हा मंडळींची अर्धी नोकरी याच फंड्यावर चालते.

काही कमांड भलत्याच चौकस असतात. ‘फाइल पुसू का?’, ‘पुढे जाऊ का?’ पण स्क्रिप्ट रात्री दोनला चालते, तेव्हा उत्तर द्यायला जागं कोण असणार? सगळ्यात आळशी उपाय म्हणजे ‘येस’ ही कमांड. १९७९च्या युनिक्समधली. काम एकच, न थांबता ‘वाय, वाय’ म्हणत राहायचं. नंदीबैलच! पाइप लावून ती दुसऱ्या कमांडला जोडली की झालं. उत्तरं वेगवेगळी हवी असतील तर ‘हिअर डॉक्युमेंट’. म्हणजे स्क्रिप्टमध्येच ओळीखाली ओळ उत्तरं लिहून ठेवायची. पण प्रश्नांचा क्रम बदलला की नावाच्या जागी गाव जातं. आणि एसएसएच पासवर्ड मागतं तेव्हा तर पाइपकडे ढुंकूनही बघत नाही, थेट टर्मिनललाच विचारतं. आता बोला!

यावर १९९० मध्ये अमेरिकेतल्या ‘एनआयएसटी’च्या डॉन लिब्स यांनी ‘एक्स्पेक्ट’ आणलं. ते नकली टर्मिनल उभं करतं, प्रश्न वाचतं आणि मगच उत्तर टाकतं. ओळखीचा प्रश्न आलाच नाही, तर १० सेकंद वाट बघतं आणि वेगळं काही सांगितलेलं नसेल तर सरळ पुढची ओळ चालवतं.

घरच्या फोनचंही तेच. ‘जेवला का?’ ‘हो.’ ‘तब्येत?’ ‘मस्त.’ ‘कधी येतो?’ ‘बघू.’ परवा वडिलांनी मधेच विचारलं, ‘वावर विकून टाकू का? माझ्यानं होईना आता.’ हा प्रश्न स्क्रिप्टमध्ये नव्हताच. मी गप्प. पुढची ओळ, ‘बघू’, ओठांवर आलेली.

पण एक्स्पेक्टमध्ये आणखी एक कमांड आहे, ‘इंटरॅक्ट’. ती आली की स्क्रिप्ट बाजूला होते आणि कीबोर्ड माणसाच्या हातात येतो. म्हटलं, ‘बाबा, शनिवारी येतो. वावरातच बसून बोलू.’